हवा भरलेलं सिलिंडर

“लिंबू-मिरची बांधलीस, ते दिसलं. पण आज अमावास्या. सिलिंडर उलटं केलंस का?”

संग्राम पिसाळ अजून गाडीतून नीट उतरलाही नव्हता. एक पाय आत, एक बाहेर, आणि समोर विजयमालाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

“ते आता करावं लागत नाही, बाई.”

“का बरं?”

“नंतर सांगतो…”

पसरणी घाटात बाईंकडे गाडी शिकलेल्या कुणालाही विचारा, त्यांचा पहिला धडा स्टिअरिंगचा नव्हे. गाडीतलं आग विझवायचं लाल सिलिंडर दर अमावास्येला बाहेर काढायचं, उलटं करायचं, बुडावर थोपटायचं आणि कानाशी धरायचं. आतली पावडर मोकळी असली की सर्र वाजते. बसून घट्ट झाली असली तर ऐन वेळी नुसती फुसकन हवा, बाकी काही नाही.

सगळं जग अमावास्येला गाडीपुढे नारळ फोडतं, आणि बाईंचे चेले लेकरू थोपटावं तसं सिलिंडर थोपटत बसतात. घाटातल्या जीपवाल्यांची केवढी करमणूक व्हायची. व्हायची म्हणजे, अजूनही होते.

बाईंची सत्तरी कधीच उलटली. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांनी स्वतः गाडी चालवली नव्हती. पण आज खालच्या वळणावर संग्रामच्या इंजिनाचा आवाज आला तशा त्या चुलीवरचा चहा तसाच टाकून अंगणात आल्या. गाडी पिवळी, दोनच माणसांची, इतकी बुटकी की बसायचं म्हणजे जवळजवळ आडवं व्हायचं. बाईंना ती बघताक्षणी आवडली. पेट्रोलचा वास छातीभर घेतला त्यांनी, चारचौघात शोभणार नाही असा.

“रविवारी शर्यत आहे, बाई. सात नंबर मागायला आलोय.”

बाईंना ते ठाऊक होतं. सात नंबर त्यांच्या यजमानांचा, दादासाहेबांचा. ते गेल्यापासून बाईंनी हो म्हटल्याशिवाय तो कुणाला द्यायचा नाही, असं क्लबात ठरलेलंच होतं. मागणारे पुष्कळ आले, चहा पिऊन परत गेले. या पोराला मात्र द्यायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. आकडा रंगवलेली पत्र्याची पाटी सकाळीच पुसून ओसरीवर ठेवली होती.

“आधी सिलिंडर आण इकडे.”

संग्रामनं ते रेंगाळत आणलं.

बाईंनी हातात घेतलं. उलटं केलं. थोपटलं. कानाशी धरलं.

…

पुन्हा थोपटलं.

“दाबाचा काटा हिरव्यात आहे, बाई,” संग्राम म्हणाला.

“काट्याचं विचारलं नाही मी. आत काय आहे?”

“हवा.”

“आणि पावडर?”

“काढून टाकली. तपासणीला नुसता काटाच तर बघतात. दोन किलो वजन वाचतं. घाट चढताना दोन किलो म्हणजे किती, तुम्हाला काय सांगायचं.”

“सगळेच करतात असं?”

“सगळे नाही. पहिले येणारे करतात.”

हे त्यानं जरा ऐटीतच सांगितलं. पण त्या रागावल्या नाहीत. राग यायला हवा होता खरं तर, तो कुठे गेला कोण जाणे.

“आणि पेटली तर?”

“पेटली तर पेटली. पट्टा सोडायचा, दार उघडायचं, बाहेर. तुम्हीच घोटून घेतलंय. विमा आहे. माझी गाडी जळाली तर जळू दे.”

“तुझ्या गाडीचं कोण बोलतंय, संग्राम?”

त्याला उमगलं नाही. बाई ओसरीच्या पायरीवर बसल्या, गुडघा धरून, सावकाश.

“आंबेनळीच्या घाटात होती ती शर्यत. हे चालवत होते, मी शेजारी नकाशा घेऊन. गाड्या एकेक करून सोडायचे; आमच्या मागून नौशेर, पुण्याचा. आमचा जुना वैरी… म्हणजे शर्यतीपुरता. एका वळणावर आम्ही कठड्यावर आदळलो. पेट्रोलची नळी तुटली आणि भडका उडाला.”

“दादासाहेब?”

“ते बाहेर फेकले गेले, हात मोडला. माझं दार कठड्याला चिकटलेलं. पट्टा निघेना.”

“तुमच्याकडे सिलिंडर नव्हतं?”

“होतं की. भरलेलं होतं, थोपटलेलंही होतं.” बाई हसल्या. “माझ्या पाठीमागे. हात पोचेना.”

संग्राम पायरीशी उकिडवा बसला.

“नौशेर थांबला. वेळेच्या हिशोबानं त्या दिवशी तोच पहिला होता, आणि त्याला ते पक्कं माहीत होतं. तरी थांबला. आपलं सिलिंडर घेऊन धावत आला, आधी मला पावडरीनं पांढरंफटक केलं, मग गाडीला.”

“आणि शर्यत?”

“गेली. तसा दिवस त्याला पुन्हा आला नाही. दर दिवाळीला मावा केक घेऊन यायचा आणि ह्यांच्याशी भांडायचा. म्हणायचा, गाडी वहिनीला द्या, तुम्ही नकाशा धरा, कठडा तरी वाचेल. हे चिडायचे. मग दोघं मिळून अख्खा केक संपवायचे, मला तुकडा ठेवायचे नाहीत.”

दोघंही गेले होते. आता दिवाळीत घरात इतकं शांत असतं की पणतीची वात चरचरलेली ऐकू येते.

“ते भांडण फार आठवतं रे,” त्या म्हणाल्या.

…

संग्रामनं त्यांच्या मांडीवरचं सिलिंडर उचललं. नंबराचं नाव काढलं नाही. गाडीत बसला आणि साताऱ्याच्या रस्त्याला लागला. बाई आवाज विरेपर्यंत ऐकत राहिल्या. हा परत येईल की नाही, याची त्यांना काही खात्री नव्हती. चहा केव्हाच उतू गेला होता.

दिवेलागणीला पिवळी गाडी पुन्हा अंगणात आली. संग्रामच्या बाह्या पावडरीनं माखल्या होत्या. सिलिंडर त्यानं दुकानात समोर उभं राहून भरून घेतलं असावं. त्यानं ते उलटं केलं, बुडावर थोपटलं आणि स्वतःच्या नव्हे, बाईंच्या कानाशी धरलं.

सर्र.

बाईंनी डोळे मिटले. मग पत्र्याची पाटी उचलून त्याच्यापुढे केली.

संग्रामनं हात पुढे केला नाही.

“बाई, एक विचारू? राग मानू नका.”

“विचार.”

“रविवारी पुढच्याची गाडी पेटली, तर मी थांबणार. आता थांबावंच लागणार. म्हणजे शर्यत गेली.”

“गेली.”

“मग इतकी वर्षं त्या घाटात मला हा वेग शिकवलात कशाला?”

बाईंनी पाटी त्याच्या हातात दिली.

“त्याच्यापर्यंत पोचायला.”