कर्मेलीनचा उजवा हात

वसईच्या बाजूला एका शुश्रूषागृहात एकदा एक स्वयंपाकीण होती आणि तिच्या हाताला विलक्षण जोर होता. तिचे नाव कर्मेलीन. वृद्ध, थकलेल्या सिस्टर्सनी अखेरचे दिवस निवांत काढावेत म्हणून मठाने चालवलेले ते घर. बावीस वर्षे कर्मेलीनने तिथले स्वयंपाकघर एकटीने सांभाळले होते. वीस माणसांच्या पेजेचे पातेले ती कोणाला हाक न मारता उतरवत असे आणि तिने मळलेल्या पिठात कधी कोणाला गुठळी सापडली नव्हती. आपल्या हातून काही निसटू शकते, हे तिच्या स्वप्नातही नव्हते.

त्या वर्षी नोव्हेंबरात सिस्टर अस्सुन्ता यांनी अन्न सोडले.

सिस्टर अस्सुन्ता साठ वर्षांपूर्वी इटलीतून आल्या आणि इथल्याच झाल्या. कर्मेलीन आठ वर्षांची असताना तिची आई वारली, तेव्हा याच सिस्टरनी तिला मठाच्या शाळेत आणले, तिच्या केसांतल्या उवा काढल्या, तिचा हात धरून पाटीवर अक्षरे गिरवून घेतली. कर्मेलीन त्यांना मनातल्या मनात आई म्हणत असे. तोंडाने कधी म्हटले नव्हते.

आता नव्वदीला टेकलेल्या सिस्टरना ताप आला. तो चार दिवसांनी उतरला, पण जाताना त्यांची मराठी घेऊन गेला. त्या फक्त इटालियन बोलू लागल्या आणि ती भाषा त्या घरात कोणालाच येत नव्हती. कर्मेलीन चमचा घेऊन जवळ गेली की त्यांचे ओठ मिटत. क्षीण आवाजात त्या एवढेच म्हणत, "पियानो... पियानो..."

शुश्रूषेची जबाबदारी सिस्टर बेनिग्नांवर होती. त्यांना वाटले, यांना संगीत ऐकायचे आहे. त्यांनी चर्चच्या गायनवृंदातली एक मुलगी बोलावली. ती बिचारी व्हरांड्यात बसून तासभर कीबोर्डवर भक्तिगीते वाजवून गेली. सिस्टर अस्सुन्तांनी डोळे मिटून घेतले. ओठ मिटलेलेच होते.

मग कर्मेलीनने एका हाताने त्यांची हनुवटी धरावी, दुसऱ्या हाताने चमचा दातांवर टेकवून दाबावा, आणि पेज आत लोटावी. बरीचशी गळ्यावर ओघळत असे. ती पुसून कर्मेलीन पुन्हा चमचा भरी.

सहाव्या दिवशी सकाळी डॉक्टर आले, नाडी पाहिली आणि खोलीबाहेर येऊन म्हणाले, "मी संध्याकाळी पाचला परत येतो. तोवर पोटात काही गेलं नाही तर यांना शहरातल्या हॉस्पिटलात हलवावं लागेल. नाकातून नळी घालावी लागेल."

"त्यांनी धडधाकट असताना सांगून ठेवलंय, मला याच खोलीत मरू द्या म्हणून," कर्मेलीन म्हणाली.

"मग त्यांना खायला घाल," डॉक्टर म्हणाले. ते कठोर नव्हते. त्यांच्याकडे दुसरा उपाय नव्हता.

त्याच सकाळी सिस्टरच्या तोंडून एक नवा शब्द आला होता. पोल्पेत्ते. हा शब्द कर्मेलीनला ठाऊक होता. माझी आई दर रविवारी खिम्याचे गोळे करायची, असे सिस्टर पूर्वी सांगत, तेव्हा हेच नाव घेत. कर्मेलीन तडक खाटकाकडे गेली आणि अर्धा किलो खिमा घेऊन आली. कांदा, लसूण, अंडे घालून तिने निम्म्या खिम्याचे गोळे वळले. एकही फुटू नये म्हणून प्रत्येक गोळा मुठीत आवळून आवळून घट्ट केला आणि टोमॅटोच्या रश्श्यात मोठ्या आचेवर खदखदा शिजवला. एकही फुटला नाही.

दुपारी एक वाजता तिने ताटली नेली. वासाने सिस्टरचे डोळे उघडले. त्यांनी स्वतःहून तोंड उघडले! कर्मेलीनने गोळ्याचा एक तुकडा तोडून आत ठेवला. जबडा एकदा हलला, दुसऱ्यांदा हलला आणि थांबला. सिस्टरनी तो तुकडा बोटांनी तोंडातून काढला, ताटलीच्या कडेला नीट ठेवला आणि भिंतीकडे कूस केली. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर कर्मेलीनला बरे वाटले असते.

गावाच्या दुसऱ्या टोकाला इनास आबा राहत. इटालियन धर्मगुरूंच्या घरी चाळीस वर्षे त्यांनी स्वयंपाक केला होता. आता त्र्याऐंशी वर्षांचे होते. कर्मेलीन स्कूटर दामटत त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली आणि एका दमात सगळे सांगितले.

"रिकोटा घातलास?" आबांनी विचारले.

"ते काय असतं?"

आबांनी खुंटीवरची टोपी डोक्यावर चढवली आणि ते बाहेर पडले.

स्वयंपाकघरात पाऊल ठेवले तेव्हा अडीच वाजले होते. शिल्लक खिमा पाव किलो. खाटकाचे दुकान आता सहाशिवाय उघडणार नव्हते. आबांनी वाडग्यात डोकावून पाहिले. "एकदाच जमेल," ते म्हणाले.

त्यांनी दूध तापत ठेवायला सांगितले. कडेने फेस धरू लागताच गॅस बंद करून लिंबू पिळले. दूध हलकेच फाटले, पांढरे ढग वर आले. "हाच रिकोटा," म्हणत त्यांनी ते झाऱ्याने अलगद उचलून पातळ कापडावर घेतले. कर्मेलीनने सवयीने कापडाची चारी टोके गोळा केली आणि पिळायला सुरुवात केली.

"पिळू नको, बाय. टांगून ठेव. जेवढं पाणी जायचं तेवढं आपसूक जाईल."

"आबा, तीन वाजत आले!"

"वाजू देत."

कापडातून थेंब पडत राहिले आणि कर्मेलीन घड्याळाकडे पाहत राहिली. आबांनी तेवढ्यात कालच्या पावाचा मऊ गर काढून दुधात भिजवला, लसणीची एक पाकळी ठेचली, जायफळ किसले. कर्मेलीन कोथिंबीर घेऊन आली तर ती त्यांनी बाजूला सारली. "त्यांच्या आईच्या परसात ती नव्हती," एवढेच म्हणाले.

शेवटी सगळे एकत्र झाले. खिमा, भिजवलेला पाव, अंडे आणि तो ओलसर, मऊ रिकोटा. मिश्रण इतके सैल झाले की कर्मेलीनने बेसनाचा डबा पुढे ओढला. "याचे गोळे कसे वळणार? रश्श्यात पडले की विरघळून जातील. मूठभर बेसन घालते."

आबांनी बेसनाच्या डब्याचे झाकण लावून टाकले. "वळ."

तिने वळला. वळला म्हणजे दाबला. बोटांच्या फटींतून दूध निथळले. आबांनी तो तिच्या हातातून घेतला आणि खिडकीबाहेर बसलेल्या मांजरीपुढे टाकला. तिने दुसरा वळला. तोही मांजरीकडे गेला.

"आबा! एवढासा तर खिमा आहे!"

"म्हणूनच," आबा म्हणाले. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला. "उजवा हात पाठीमागे घे."

तिला वाटले, म्हातारपणी यांचे डोके फिरले. पण बोलावून आणलेल्या वडीलधाऱ्याला नाही कसे म्हणायचे? तिने हात मागे घेतला. आबांनी तिचे मनगट पंचाने तिच्याच कमरेला पक्के बांधले आणि म्हणाले, "आता डाव्याने वळ."

पावणेचार वाजले होते. कर्मेलीनचा डावा हात आयुष्यभर फक्त परात धरायला आणि भांडे टेकवायला होता. त्याला ना जोर होता, ना सफाई. त्याने खिमा उचलला तो वेडावाकडा. तळव्यावर कसाबसा घोळवला तर एका बाजूने चपटा राहिला. तो ताटात ठेवताना तिला धाप लागली. दुसऱ्याची तीच गत. तिसरा ठेवता ठेवता दुभंगला. तिच्या डोळ्यांत संतापाचे पाणी आले.

"हा कसला खेळ मांडलाय तुम्ही? मी तुम्हाला मदतीला आणलं! तिकडे त्या सहा दिवस उपाशी आहेत. मी चमचा नेला की तोंड मिटतात आणि पियानो पियानो करत राहतात. आम्ही पियानो वाजवूनसुद्धा दाखवला! तासाभरात डॉक्टर येतील, त्यांना उचलून नेतील, आणि तुम्ही माझा हात बांधून ठेवलाय!"

आबांनी मान वर केली. "काय म्हणतात त्या?"

"पियानो."

"तू चमचा नेलास की?"

"हो."

आबा स्टुलावर बसले.  मग ते सावकाश बोलू लागले.

"बाय, त्यांच्या भाषेत पियानो म्हणजे हळू. सहा दिवस त्या तुला हळू म्हणतायत."

कर्मेलीनचा डावा हात ताटावरच राहिला.

"मी वीस वर्षांचा असताना मिशनच्या घरी एक इटालियन ब्रदर होता. त्यानेही माझा हात असाच बांधला होता. तो म्हणायचा, खिमा पहिल्यापासून कडक नसतो. आपण भितो, म्हणून तो कडक होतो. फुटेल म्हणून दाबतो, सुटेल म्हणून आवळतो. मांसाला मांस इतकं चिकटतं की मधे वाट राहत नाही. रिकोटा घालायचा, भिजला पाव घालायचा तो कशाला? मधे जागा राहावी म्हणून. आपण ती जागा घालायची आणि आपल्याच मुठीने पिळून काढायची, मग घातली कशाला? मी हे स्वयंपाकात शिकलो आणि घरी विसरलो. माझी बायको फ्लोरी आजारी पडली, जेवेना. मी तिच्या तोंडात पेज कोंबायचो. माझ्या मायेत खोट नव्हती, बाय. पण शेवटचे चार दिवस ती माझ्याकडे पाठ करून निजली. तुझ्या उजव्या हातात माया नाही असं मी म्हणत नाही. त्याला फक्त जिंकायची सवय आहे. डाव्याला ती सवय नाही, म्हणून मी त्याला पुढे केलं."

 मग आबा उठले आणि पंचाच्या गाठीला हात घातला. "सोडू?"

"राहू द्या," कर्मेलीन म्हणाली.

दुभंगलेला गोळा तिने अलगद जवळ आणला. तो आपणच जुळला. एकूण नऊ झाले, एकासारखा दुसरा नाही. आबांनी टोमॅटोचा रस्सा मंद आचेवर ठेवला होता. पृष्ठभाग नुसता थरथरत होता, उकळी नव्हती. गोळे एकेक करून आत गेले.  पहिला तळाशी गेला, दिसेनासा झाला. विरघळला, तिला वाटले. मग रश्श्यातून त्याची चपटी बाजू हळूच वर आली. तिने झारा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

पाचला दहा मिनिटे कमी असताना आबांनी पंचा सोडला आणि ती वाडगा घेऊन खोलीत गेली. सिस्टर अस्सुन्ता भिंतीकडे तोंड करूनच होत्या. कर्मेलीनने वाडगा खाटेजवळच्या मेजावर ठेवला, त्यात चमचा ठेवला आणि खुर्ची ओढून बसली.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

"अगं, भरव ना!" सिस्टर बेनिग्ना दारातून कुजबुजल्या. "डॉक्टर आले!"

कर्मेलीनचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला. तिने तो पुन्हा मांडीवर ठेवला. हे तिच्या आयुष्यातले सर्वांत जड काम होते. पातेली तर काहीच नव्हती. व्हरांड्यात बुटांचा आवाज आला. डॉक्टर दारात येऊन उभे राहिले आणि काही बोलणार तोच सिस्टर बेनिग्नांनी ओठांवर बोट ठेवले.

"सिस्टर," कर्मेलीन म्हणाली, "पोल्पेत्ते आहेत. पियानो, पियानो."

त्या वळल्या. कितीतरी वेळ नुसत्या तिच्याकडे पाहत राहिल्या. मग पांघरुणातून एक हाडकुळा हात बाहेर आला. त्याने चमचा घेतला नाही. दोन बोटांनी वाडग्यातला गोळा दाबला, तो लोण्यासारखा तुटला, आणि तो घास त्यांनी स्वतःच तोंडात ठेवला. जबडा हलला. पुन्हा हलला. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली.

दारात कोणी हालचाल केली नाही.

सिस्टरनी दुसरा घास घेतला. मग तिसरा. गोळा संपला तेव्हा त्यांनी बोट रश्श्यात बुडवून चाटले आणि कपाळाला आठी घालून, स्पष्ट वसईच्या मराठीत म्हणाल्या, "मीठ कमी आहे, बाय."

सिस्टर बेनिग्नांना हुंदका आवरला नाही. कर्मेलीन रडली नाही. ती मिठाची बरणी आणायला उठली. स्वयंपाकघराच्या दारात इनास आबा टोपी हातात घेऊन उभे होते. तिने त्यांच्याकडे पाहिले, त्यांनी मान हलवली.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, नळीचा विषय काढला नाही. जाताना ते पेन काढून म्हणाले, "वेळापत्रक लावून देतो. सकाळी दोन, दुपारी दोन, रात्री दोन. एवढे पोटात गेलेच पाहिजेत."

"आणून जवळ ठेवीन, डॉक्टर," कर्मेलीन म्हणाली. "त्या घेतील तेवढे."

 डॉक्टरांनी पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवले.