चिंतोपंतांचं तर्पण

"म्हणजे पाणी पोचतच नाही, असं म्हणता महाराज?"

चिंतोपंत वैद्य कमरेइतक्या पाण्यात उभे होते. बोटांत दर्भ, ओंजळीत काळे तीळ. पितृपक्षातली आज आईची तिथी होती.

निरंजनबुवा काठावरच्या पायरीवर बसले होते.

"असं मी कुठं म्हणालो, पंत? ती घेते का, एवढंच विचारलं."

"स्वप्नात येते." चिंतोपंतांचा आवाज खाली आला. "पाणीच मागते. मी सगळं शास्त्राप्रमाणे करतो. एक अक्षर इकडचं तिकडं होत नाही. तरी मागते."



पंचक्रोशीत चिंतोपंतांचा दरारा मोठा. गेल्या वर्षी पटकी आली, तेव्हा पहिला हुकूम त्यांचाच सुटला. ढाळ-उलट्या लागलेल्या माणसाला पाण्याचा थेंब द्यायचा नाही. पाणी पोटात गेलं की ढाळ वाढतात, असं त्यांना वडिलांनी शिकवलं होतं. आजाऱ्याच्या खोलीतले हंडे-घागरी ओसरीवर काढून ठेवायच्या, न जाणो, एखादीच्या मायेला पाझर फुटायचा! घराघरांतून माणसं गेली. पाणी पाणी करत गेली. नियम मोडला म्हणून गेली, असं मात्र एकाही घराबद्दल म्हणता आलं नाही, इतका तो कडक पाळला गेला.

आईला पटकी झाली, तेव्हा चिंतोपंतांनी स्वतःच्या हातानं घागर बाहेर नेली. लोकांना एक आणि घरच्यांना दुसरा असा न्याय आपण केला नाही, याचा त्या दिवशी त्यांना अभिमानच वाटला होता.

"किती वेळ मागत होती?" बुवांनी विचारलं.

"सकाळपासून... दिवेलागणीपर्यंत."

"मग?"

"मग आवाज गेला."

बुवांनी डोळे मिटले. 

"मी चुकलो का, महाराज?" चिंतोपंतांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता घाईनं म्हणाले, "माझे वडीलही हेच करत. आजोबाही."

"कुंभारवाड्यात यंदा पुन्हा लागण झालीय ना?"

"हो. काल संध्याकाळपासून. धोंडू कुंभाराची सून. जाऊन आलो मी. घागरी बाहेर काढायला सांगितल्यात."

बुवा उठले. धोतरही न खोचता तसेच पाण्यात उतरले आणि चिंतोपंतांच्या समोर येऊन उभे राहिले.

"ओंजळ भरा, पंत. एक तर्पण माझ्यासाठी करा."

"कुणाचं? नाव, गोत्र सांगा."

"नाव सगुणा. गोत्र ठाऊक नाही. धोंडू कुंभाराची सून."

चिंतोपंत चरकले. "गेली?"

"नाही. आत्ताच तिकडून आलो. शुद्धीवर आहे. मागतेय." बुवा थांबले. "मी तांब्या पुढं केला, तर धोंडूनं माझा हात धरला. रडत होता बिचारा. म्हणाला, वैद्यांनी नको म्हटलंय. त्यांचा शब्द आला तरच पाजीन."

ओंजळीतलं पाणी बोटांच्या फटींतून गळू लागलं.

सगुणेला पाणी पाजलं आणि ती वाचली, तर?... तर मग आईचं काय? इतके दिवस दाराबाहेर ताटकळत ठेवलेला हा प्रश्न आता चिंतोपंतांच्या समोर येऊन उभा राहिला. शास्त्राचा आधार तेवढा हाताशी होता. त्यांनी तोच घट्ट धरला.

"भलतंच काय सांगता, महाराज! जिवंत माणसाचं कधी तर्पण करतात?"

"नाही करत?" बुवा म्हणाले. "मग जिवंत माणसाला पाणी कसं देतात, पंत?"