राहेल आत्याचं जातं

फार फार वर्षांमागे, बोरखडी गावात जेव्हा देऊळ म्हणजे एक छपरी आणि तिच्यावर लाकडी क्रूस एवढंच होतं, तेव्हा तिथे राहेल नावाची एक विधवा राहायची. सारं गाव तिला आत्या म्हणायचं. प्रभुभोजनाच्या भाकरीचं पीठ तिच्याच जात्यावर दळलं जायचं.

तेव्हा रविवारी उपासनेत माणसं उभी राहून साक्ष द्यायची. कुणाच्या स्वप्नात प्रभू आलेला असायचा, कुणाला शेतात त्याची हाक ऐकू आलेली असायची. सांगताना त्यांचे डोळे भरून यायचे. राहेलची पाळी आली की ती उठायची आणि म्हणायची, "माझ्याकडं अजून आला न्हाई. येईल." आणि खाली बसायची. लोक गालात हसायचे. तिला मात्र रडू आवरायचं नाही, कारण तिला दुसरं काही नकोच होतं. एकदा तरी त्याने आपल्याजवळ येऊन बसावं, आपल्याशी बोलावं, एवढीच तिची भूक होती.

जातं ओढायला समोरासमोर दोघी लागतात. राहेल एकटीच ओढायची. समोर तिने घोंगडी अंथरली होती आणि त्या जागी ती कुणाला बसू द्यायची नाही. दर शनिवारी सारं घर सारवायची, पण घोंगडी कधी उचलायची नाही. त्याच्या जागेला आपण हात लावायचा नाही, असं तिने मनाशी धरलं होतं. आणि पहाटे गायची:

जोंधळ्याचं दळण, जातं ओढवेना एकटीला
ये रे येशुराया, हात लाव खुंट्याला

पाणवठ्यावर बायका विचारायच्या, जोडीदार आला का गं? ती घागर डोक्यावर घ्यायची आणि चालू लागायची.

असं म्हणतात, की तिच्या जात्याची घरघर तीन गावांत ऐकू जायची आणि तोवर कोंबडासुद्धा आरवायचा नाही. असंही म्हणतात, की दुष्काळात तिने मूठभर जोंधळा दळला आणि त्या पिठाच्या भाकरी साऱ्या वाडीला पुरल्या. राहेलला वाटलं, जोंधळाच दाणेदार निघाला. तिचं लक्ष घोंगडीकडे होतं ना!

अशी ती म्हातारी झाली. हात थरथरू लागले. कापणीच्या सणाला भाकर तर हवी, म्हणून शेजारची तान्हू दळायला आली. बाजेवर पडलेली राहेल नको नको म्हणत होती, तरी तान्हूने जागा झाडायला घोंगडी उचलली आणि ती तशीच उभी राहिली.

दळणारी एक पाय लांब करून बसते. वर्षानुवर्षं टाच टेकून जमिनीत खळगा पडतो. असा खळगा राहेलच्या बाजूला होता. तसाच, तेवढाच खोल, घोंगडीखालीही होता.

तान्हूने तिला धरून आणलं आणि तिचा हात त्या खळग्यात ठेवला. राहेल कितीतरी वेळ तो चाचपत राहिली. मग लहान पोरीसारखी म्हणाली, "मंग बोलला का न्हाई गं तो?"

तान्हू काही शिकलेली नव्हती. तिला सुचलं ते ती बोलली. "आत्या, तुमी कवा थांबलाच न्हाई. तुमी गात व्हता, तो ऐकत व्हता. त्यानं मधीच कसं बोलावं?"

राहेल हसली आणि हसता हसता रडली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती भिंतीला धरून उठली, जात्याशी बसली, एकच ओवी गायली आणि गप्प झाली. जात्याची घरघर थांबली तेव्हा साऱ्या वाडीला जाग आली, असं म्हणतात. तान्हू धावत आली. राहेल गेली होती. तिचं डोकं जात्याच्या पलीकडे झुकलं होतं, पण ती पडली नव्हती. कुणाच्या तरी खांद्यावर मान टाकावी, तशी ती बसली होती. समोर पुन्हा अंथरलेली घोंगडी, कुणी नुकतंच बसून गेल्यासारखी, उबदार होती.

तो तिच्याशी काय बोलला, ते कुणालाच ठाऊक नाही.

आता बोरखडीत गिरणी आहे. तरी कापणीच्या सणाच्या भाकरीचं पीठ अजून हातच्या जात्यावरच दळतात. एकटी बाई बसते, समोर घोंगडी असते. ती एक ओवी गाते आणि जातं थांबवते. मग सारं गाव, कडेवरची पोरंसुद्धा, गप्प बसून राहतं. थोडं थांबतात, मग आणखी थोडं थांबतात. काही ऐकू आलं का, असं तिथे कुणी कुणाला विचारत नाही.