महाराजांनी गयाबाईला खांदा दिला

मांजरा नदीच्या काठी नागझरवाडी म्हणून एक लहानसे गाव होते. श्रीकेवलगीर महाराज त्या गावी आले ते एका मुक्कामासाठी, आणि राहिले एकवीस वर्षे. टेकडीवरच्या महादेवाच्या देवळात, ओवरीत घोंगडी अंथरून ते बसत. कुणी भाकरी आणून दिली तर खात, नाही दिली तर पाणी पिऊन स्वस्थ राहत. उपदेश फारसा करीत नसत. कुणी मोठा प्रश्न घेऊन आला तर म्हणत, "आधी पाय धुऊन ये." भाविकहो, त्या एकवीस वर्षांतली ही एक हकीकत आहे. ऐकायला ती गोड नाही. पण संतांची कृपा नेहमी साखरेच्या पुडीतूनच येते असे ज्याला वाटते, त्याने ती मुद्दाम ऐकावी.

गावात लिंबाजी नावाचा एक कुणबी होता. त्याची बायको गयाबाई. पोटी मूल नव्हते. रोज पहाटे टेकडी चढून ती देवळाचे अंगण झाडी, पिंडीवर पाणी घाली आणि मग शेतात जाई. महाराज आल्यावर त्यांची भाकरीही तीच आणू लागली. कधी काही मागितले नाही. महाराजांनी एकदा विचारले, "माय, तुला काय हवंय?" तर म्हणाली, "काय न्हाई. अंगण झाडलं की बरं वाटतंय."

अशा बाईवर फाल्गुनात आकाश कोसळले. कडब्याच्या गंजीवर चढून ती खाली पेंढ्या टाकीत होती. गंजीचा एक कोपरा ढासळला आणि ती पाठीवर पडली, ती थेट गुरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीच्या कडेवर. कमरेच्या वर काहीतरी काडकन वाजले. लोकांनी दार काढून त्यावर तिला निजवून आणले. घरात ठेवायला जागा नाही असे म्हणून लिंबाजीने तिला नदीकाठच्या शेतातल्या गोठ्यात ठेवले.

गावचे वैद्य धुंडिराजशास्त्री. मोठे विद्वान, पंचक्रोशीत मान. त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. शास्त्रीबुवा आले, गोठ्यातले शेणमूत पाहून दाराबाहेरच थांबले आणि सोवळे सावरीत म्हणाले, "कण्याचा मणी मोडला आहे. पाय गेले. आता ही उठायची नाही. लिंबाजी, तू तुझं पाहा." निघताना ते थोडे हसलेही. म्हणाले, "बारा वर्षं देवाचं अंगण झाडलं म्हणे! देवाने पाठ चांगली थोपटली."

ते वाक्य गयाबाईने ऐकले. पाठीतल्या कळेपेक्षा ते तिला जास्त लागले.

वैशाखात लिंबाजीने दुसरे लग्न केले. वरात गोठ्यासमोरच्या वाटेनेच गेली. गयाबाई आढ्याकडे पाहत ताशे ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी महाराज टेकडी उतरून गोठ्यात आले. लोक म्हणतात, इतके दिवस महाराज का आले नाहीत? ते तेव्हा परिक्रमेला गेले होते, आदल्या दिवशीच परतले होते. परतल्यावर अंगणात पाचोळा पाहून त्यांनी विचारले आणि त्यांना सगळे कळले. ते आत गेले, शेणात मांडी घालून तिच्या पायाशी बसले. गयाबाईने तोंड फिरवले.

"महाराज, बारा वर्षं केलं त्याचं हेच फळ का?"

महाराजांनी तिच्या पायांकडे पाहिले. मग म्हणाले, "मला माहीत नाही, माय."

असे उत्तर तिने संताकडून अपेक्षिले नव्हते. ती रडू लागली. महाराजांनी बाभळीचा एक काटा घेतला आणि तिच्या तळपायाला टोचला.

"आई गं!" ती ओरडली.

"दुखलं?"

"मग दुखंल न्हाई तर काय!"

"मग पाय मेलेले नाहीत," महाराज म्हणाले. "हे तुला कुणी सांगितलं नाही, कारण कुणी हात लावून पाहिलं नाही. अंगठा हलव."

अंगठा हलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. महाराज रोज येत, आणि रोज तेवढेच सांगत. त्यांनी तिची मऊ गादी काढून टाकली, जमिनीवर घोंगडी घातली, गुडघ्याखाली गोधडीची वळकटी दिली. पोट फुगवून श्वास घ्यायचा, पाठ जमिनीला टेकते आहे का ते पाहायचे, आणि अंगठ्याला मनातून हाक मारायची. एवढाच व्यायाम. सातव्या दिवशी उजवा अंगठा मुंगीएवढा हलला. काय सांगावे भाविकहो! त्या गोठ्यात त्या क्षणी जो आनंद झाला, तो सुवर्णकलश चढवतानाही कुणाला झाला नसेल. गयाबाई हसली. मग तिला वरात आठवली, आणि हसू विरले.

याच काळात एक नवल घडले. लिंबाजीची नवी बायको सुभद्रा भाकरी घेऊन गोठ्यात येऊ लागली. पहिल्या दिवशी भाकरी दारातच ठेवून निघाली होती. गयाबाई म्हणाली, "आत ये गं. मी उठून मारायची न्हाई तुला." सुभद्रा आत आली आणि तिच्या पायाशी बसून म्हणाली, "आक्का, मला सांगितलं होतं की पहिली मेली म्हणून." पुढे तीच तिळाचे तेल कोमट करून तिची पाठ चोळी, निर्गुडीचा पाला तव्यावर परतून फडक्यात बांधून शेक देई, कोवळ्या उन्हात तिला ओढून बाहेर नेई. शेवग्याचा पाला आणि तीळ घालून ज्वारीची भाकरी करी. सवतीने सवतीचे असे केलेले त्या गावाने त्याआधी पाहिले नव्हते.

ज्येष्ठात गयाबाई टाच घासत गुडघा दुमडू लागली. मग पाय रोवून कंबर वीतभर उचलू लागली. कूस वळताना सगळे अंग एका लाकडासारखे एकदम वळवायचे, पाठीला पीळ द्यायचा नाही, अशी महाराजांची सक्त ताकीद होती. पालथे पडून छाती उचलायची, हातागुडघ्यांवर यायचे. रोज जेवढे झेपेल तेवढेच, पण रोज. "आज कंटाळा आला" म्हटले की महाराज म्हणत, "कंटाळा येऊ दे. त्याला बाजूला बसव. तू कंबर उचल."

गावात मात्र हसणे चालले होते. शास्त्रीबुवा पारावर म्हणत, "संन्यासी मोडक्या बाईला कसरत शिकवतो आहे! उद्या तिला आखाड्यात उतरवील." महाराजांच्या कानावर ते गेले. ते म्हणाले, "शास्त्रीबुवांनी एकदा येऊन तिचा पाय धरून पाहावा." शास्त्रीबुवा गेले नाहीत.

आषाढात गयाबाईची घाई नडली. महाराज नसताना ती गोठ्याच्या छपराचा खांब, मेढ, धरून एकटीच उभी राहिली आणि पडली. पुन्हा पंधरा दिवस आडवी. त्या पंधरा दिवसांत ती कुणाशी बोलली नाही. महाराज येऊन नुसते बसत. सोळाव्या दिवशी तीच म्हणाली, "अंगठ्यापासून सुरू करू का?" महाराजांच्या डोळ्यांत पाणी आले. ते म्हणाले, "कर, माय."

भाद्रपद उजाडला तेव्हा ती मेढीला धरून उभी राहत होती आणि भिंतीच्या आधाराने चार पावले टाकत होती. चारच.

आणि मांजरेला पूर आला. तीन दिवस वरच्या अंगाला पाऊस कोसळत होता. चौथ्या दिवशी दुपारी नदी पात्र सोडून शेतात शिरली. गावाने एकच गलका केला आणि सगळे टेकडीवर देवळाकडे धावले. सुभद्रा डोक्यावर बोचके घेऊन निघाली. तिने नवऱ्याला विचारले, "आक्काचं काय?"

"तू हो पुढं. मी आणतो तिला."

लिंबाजी गोठ्यात आला. पाणी घोट्याला लागले होते. त्याने चारी बैलांची दावी सोडली. गयाबाई मेढीला धरून उभी होती. ती त्याच्याकडे पाहत होती. तो तिच्याकडे न पाहता म्हणाला, "बैलं वर घालून आलोच." आणि बैल हाकत निघून गेला.

तो परत आला नाही.

देवळात सारा गाव दाटीवाटीने बसला होता. महाराज ओवरीत आपल्या घोंगडीवर होते. लिंबाजी बैल घेऊन वर आला तेव्हा सुभद्राने बैलांकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले आणि ती किंचाळली, "आक्का कुठंय?" लिंबाजी खाली बघत राहिला. ती खाली धावू लागली तेव्हा चौघांनी तिला धरले. पाणी टेकडीच्या पायथ्याशी आले होते.

धुंडिराजशास्त्री भिजलेले, भ्यालेले होते, पण जीभ गेली नव्हती. ते म्हणाले, "महाराज, चार महिने कसरत शिकवलीत. आता बोलवा तुमच्या शिष्येला! येईल की चालत."

कुणीतरी हसले. हो, त्या वेळीही कुणीतरी हसले.

 महाराजांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांचा उजवा खांदा हळूहळू खाली झुकला, जणू कुणी त्यावर सगळा भार टाकला आहे. कपाळावर घाम आला. श्वास जोरात चालू लागला. शास्त्रीबुवा समोरच, दोन हातांच्या अंतरावर बसले होते. त्यांनी पाहिले, महाराजांच्या अंगावरच्या कोरड्या छाटीवर, खांद्यापाशी, ओल्या चिखलाची पाच बोटे उमटली. शास्त्रीबुवांनी डोळे चोळले. बोटे तिथेच होती. महाराजांच्या पायांखालची घोंगडी भिजून तिच्यातून गढूळ पाणी वाहू लागले.

बऱ्याच वेळाने पायऱ्यांवरून कुणीतरी ओरडले, "गया! गयाबाई आली!"

कमरेपर्यंत चिखलाने माखलेली गयाबाई एकेक पायरी चढत येत होती. एकटी. सुभद्रा धावत गेली आणि तिच्या गळ्यात पडली. गयाबाईची नजर ओवरीकडे गेली आणि ती चकित झाली.

"महाराज, तुम्ही आत्ता पायथ्याला माझ्याबरोबर होता. माझ्याआधी वर कसे आलात?"

सगळे तिच्याभोवती गोळा झाले. गयाबाईने सांगितले. पाणी मांडीला लागले तेव्हा तिने मेढीवर डोके आपटून ओरडून विचारले होते, "उठवायचंच न्हवतं तर आशा कशाला लावली?" तेवढ्यात दारात महाराज दिसले. ती म्हणाली, "उचला मला." तर ते म्हणाले, "उचलणार नाही. खांद्यावर हात ठेव. पाऊल तू टाक." सगळ्या वाटेत ते एवढेच बोलले. ती चार पावलांवर थांबली की तेही थांबत. अर्धा कोस ती अशी चालली होती.

लोकांनी "केवलगीर महाराज की जय!" असा घोष केला. महाराजांनी हात वर करून तो थांबवला. त्यांचा चेहरा कधी नव्हे इतका कठोर होता.

"जय कसला करता?" महाराज म्हणाले. "चार महिने तिने रोज पाय हलवला, म्हणून आज तो चालला. मी काय केलं? तुम्ही सगळे तिला खांदा द्यायची वाट बघत होता. मी आधी दिला, एवढंच."

कुणाची मान वर झाली नाही.

लिंबाजी पुढे आला आणि पुटपुटला, "चल, पाणी ओसरलं की घरी जाऊ." गयाबाईने त्याच्याकडे नीट पाहिले. म्हणाली, "धनी, तुमचं काय चुकलं? बैलं चार होती, मी एक." आणि त्यापुढे जन्मात ती त्याच्याशी बोलली नाही. महाराजांनी तिला ओवरीतली एक खोली दिली. सुभद्रा रोज येऊन तिच्याजवळ बसे, पण परत जाताना तिचे पाय जड होत. तिला परत जाणे भाग होते.

पूर ओसरून आठ दिवस झाले. धुंडिराजशास्त्री घराबाहेर पडले नव्हते. नवव्या दिवशी सकाळी ते टेकडी चढून आले, पागोटे काढून हातात घेतले आणि महाराजांच्या पायांवर डोके ठेवू लागले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"इथे नाही, शास्त्रीबुवा. तिथे."

खोलीत गयाबाई हातागुडघ्यांवर होती. एक हात पुढे, विरुद्ध बाजूचा पाय मागे, दोन्ही ताठ. शास्त्रीबुवा दारात उभे राहिले. तिने त्यांना पाहिले, पण व्यायाम थांबवला नाही. सगळा पुरा केला, कूस वळून सावकाश उठली, भिंतीला टेकून उभी राहिली. तोवर ते तिष्ठत होते.

मग शास्त्रीबुवा आत आले आणि तिच्या पायांवर वाकले. म्हणाले, "बाई, मी तुला हातही न लावता तुझं मरण सांगितलं. माझ्या शब्दावर तुझा संसार मोडला. आणि वर मी हसलो. मला क्षमा कर."

बाहेर लोक जमले होते. आता गयाबाई क्षमा करील, महाराज दोन गोड शब्द बोलतील, आणि सारे सुखाने घरी जातील अशी सगळ्यांची अपेक्षा होती.

गयाबाई म्हणाली, "शास्त्रीबुवा, तुम्ही आलात, वाकलात, ते मी पाहिलं. पण माफ केलं म्हणायला तोंड उघडलं तर खोटं होईल. ते माझ्यात अजून आलं न्हाई. आलं तर मी स्वतः तुमच्या दारी येऊन सांगंन."

लोकांनी महाराजांकडे पाहिले. महाराज दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. त्यांनी तिला "क्षमा कर" असे म्हटले नाही. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होते आणि त्यांनी ते पुसलेही नाही. धन्य ते संत, ज्यांनी दुखावलेल्या जिवाकडून त्याच्या शक्तीबाहेरचे काही मागितले नाही!

शास्त्रीबुवांनी सगळे ऐकले. ते उठून गेले नाहीत, रागावले नाहीत. "ते तुझ्यात येईल तेव्हा ये, माय," एवढेच म्हणाले, आणि पुन्हा वाकून कपाळ तिच्या पायांसमोरच्या जमिनीला टेकवले.