नऊला येणारा पहारेकरी

माझी शाळा सातवीतच सुटली. शुद्धलेखन चुकलं, शब्द साधे वाटले, तर माफ करा.

मी कारखान्याच्या गेटवर पहारेकरी आहे. पहाटे बॉयलर पेटला की नायट्रोजन ऑक्साइडचा धूर आमच्या वस्तीवर उतरतो आणि माझी धाकटी बहीण खोकतच उठते. चिमणीत हा वायू मोडणारा उत्प्रेरक बसवलेला आहे, पण नीट तापल्याशिवाय तो काम करत नाही.

प्रयोगशाळेतल्या तस्नीम मॅडमनी मँगनीज आणि सेरियमच्या ऑक्साइडचा नवा उत्प्रेरक बनवला. तो कमी उष्णतेतही चालतो. मालक पोतनीस साहेब मात्र म्हणाले, "आहे तोच शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग वायू मोडतो. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

मॅडमनी मला आत बोलावलं. "साहेब, आपला इराप्पा फार चांगला पहारेकरी आहे. फक्त ऊन अंगावर आल्याशिवाय त्याचे हातपाय हलत नाहीत. उद्यापासून त्याला नऊला येऊ द्या."

इराप्पा म्हणजे मीच. मला वाटलं, गेली नोकरी.

"आणि गेट सहाला उघडतं, त्याचं काय?" साहेबांनी विचारलं.

"नऊनंतर तो शंभरातले अठ्ठ्याण्णव चोर पकडेल की!"

"अहो बाई, तोवर चोर अख्खा कारखाना धुऊन नेतील!"

"चिमणीत तुम्ही असाच पहारेकरी ठेवलाय, साहेब."

साहेबांनी खिडकीतून चिमणीकडे पाहिलं. मग म्हणाले, "पहाटे येऊन बघतो."

दुसऱ्या दिवशी बॉयलर पेटायच्या आधीच ते आले. मी माझी खुर्ची उचलली आणि धूर उतरतो तिथे, वस्तीच्या तोंडाशी, त्यांच्यासाठी नेऊन ठेवली.