कच्चं खत

"बुवा, गावात एकानेही ते वापरून बघितलं नव्हतं का?"

धनश्रीने हे विचारलं तेव्हा सोपानबुवा मठाच्या ओट्यावर बसून चिंचेने समया घासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

तिच्या पायात चप्पल तशीच होती. आंबेदऱ्याच्या मठात चप्पल घालून ओट्यापर्यंत आलेलं माणूस बुवांनी आजवर खपवून घेतलं नव्हतं. त्या दिवशी घेतलं.

"प्रश्न माझा नाही," ती म्हणाली. "गफूरभाईंचा आहे. मला त्याचं उत्तर देता आलं नाही."

"बस."

ती बसली नाही.

गफूरभाई मुल्ला म्हणजे खाली घाटाच्या पायथ्याशी गुलाबाची रोपवाटिका चालवणारा माणूस. सरळमार्गी. बचत गटांच्या प्रदर्शनात त्यांनी धनश्रीचं गांडूळ खत पाहिलं, तिचं फाडफाड बोलणं ऐकलं, आणि पोरीवर विश्वास टाकला. थोडंथोडकं नाही, साऱ्या वाफ्यांना तेच खत घातलं. पानं आधी कडेने पिवळी पडली, मग करपली. खत कच्चं होतं. आतल्या आत तापत होतं आणि त्याने मुळं जाळली. हंगामाची सगळी कलमं गेली.

सकाळी धनश्री जाऊन ते बघून आली होती. गफूरभाई ओरडले नाहीत. त्यांनी एक रोप उपटून तिच्या तळहातावर ठेवलं. मुळं काळी पडली होती. मग त्यांनी खरोखर नवल वाटल्यासारखं विचारलं, की बेटा, तुमच्या गावात हे कुणी वापरून बघितलं नव्हतं का? शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं घाट चढताना तिला सारखं वाटत होतं.

आता हिला एवढं लागण्याचं कारण सांगायला हवं.

धनश्री शिकली शहरात, नोकरीही शहरातच लागली. आंबेदऱ्यातली पोरं एकदा घाट उतरली की सणावारापुरती येतात आणि मोबाइलला रेंज नाही म्हणून कुरकुरत परत जातात. ही मात्र बाप गेल्यावर आईसाठी आली, आणि राहिली. म्हणाली, मला नोकरी नको, धंदा करायचाय, आणि असा करायचाय की गावाचे उकिरडे हटतील, रानातली माती सुधारेल, बायकांना घरबसल्या काम मिळेल.

गावाने तिला डोक्यावर घेतलं. घेणारच! गेलेलं पोर परत आलं होतं.

बुवांनी टेकाडाखालची मठाची जागा खड्ड्यांना दिली. शंकर सुताराने वर पत्र्याची सावली करून दिली. बायका शेणाच्या पाट्या आणि पालापाचोळा घेऊन रांगेने येऊ लागल्या. कुणी तिला अडवलं नाही, कुणी नाव ठेवलं नाही. धंदा शिकायला निघालेल्या माणसाला याहून काय हवं?

आणि मग भवानी. भवानी म्हणजे नव्या धंद्याची पहिली विक्री. आंबेदऱ्याची रीत अशी, की कुणी गिरणी घातली, शिलाई मशीन आणलं, की घरटी एकाने जाऊन भवानी करायची. वस्तू लागो न लागो, घ्यायची, "छान आहे" म्हणायचं, आणि घरी यायचं. एवढंच. एकदाच करायची असते ती. पण धनश्रीच्या बाबतीत गावाचं काय झालं कोण जाणे. खताचा नवा खड्डा उपसला की गाव पुन्हा हजर. पुन्हा घरटी एक गोणी, पुन्हा "छान आहे". गाव तिची भवानी करतच राहिलं.

इकडे बाईसाहेब हवेत. माल संपतोय म्हटल्यावर खड्डे आणखीच लवकर उपसू लागल्या. गिरजाकाकूंनी एकदा गोणीत हात घालून, जरा ऊन लागतंय गं, एवढं म्हणून पाहिलं. धनश्रीने हसून त्यांना समजावलं, की काकू, ती गांडुळांची ऊब असते. काकू "असेल बाई" म्हणाल्या आणि गोणी डोक्यावर घेऊन गेल्या. तेव्हा जरा थांबून आपणही हात घालून पाहिला असता तर… पण ते तिला आज सुचत होतं. तेव्हा ती तालुक्याला जाऊन चार बायकांना धंदा कसा करावा यावर भाषण देत होती.

बुवांनी समई पालथी करून ठेवली.

"तुम्हीही घेत होतात," धनश्री म्हणाली. "मोगऱ्याला घातलं म्हणालात."

"म्हणालो."

"घातलं होतं?"

"पहिल्यांदा घातलं."

"मग?"

"मोगरा गेला."

मोगरा कुठे गेला, हे तिने मागेच विचारलं होतं. म्हातारा झाला होता, असं बुवा म्हणाले होते. त्यावर दोघंही हसले होते.

"लहानपणी याच ओट्यावर बसवून तुम्ही मला अक्षरं शिकवलीत," ती म्हणाली. "खोटं बोलू नये, हेही तुम्हीच शिकवलंत ना?"

"मीच."

"मग बुवा…"

पुढे तिला बोलता येईना. आणि बुवांचं काय, ते नुसते चिंचेने माखलेल्या आपल्या बोटांकडे बघत राहिले. म्हाताऱ्याला वाईट वाटत होतं. ते लपवायचा त्याने प्रयत्नही केला नाही.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले. तिचा आवाज बदलला.

"मला एकच सांगा. खरं सांगा. आजवर एक तरी गोणी चांगली होती का? एक जरी असेल तर मी पुन्हा उभी राहीन. नसेल तर आज ते खड्डे बुजवते आणि उद्याच्या एस.टी.ने शहरात परत जाते. आईलाही नेते."



बुवा उठले. हात धुतले, पंच्याला पुसले, आणि तिला ये म्हणायचंही न सुचून मठाच्या मागच्या बाजूला चालू लागले. धनश्री मागोमाग गेली.

तिथे जुना गोठा होता. मठाची गाय गेली तेव्हापासून त्याला कडी घातलेली. तिकडे जायचं कुणाला कारण नव्हतं, निदान धनश्रीला तरी नव्हतं. बुवांनी कडी काढली आणि दार ढकलून बाजूला झाले.

आत गोण्या होत्या. पार वाशांपर्यंत.

प्रत्येकीवर हिरव्या पानाचं चित्र. ते चित्र तिनेच काढलं होतं. कितीतरी गोण्यांच्या तोंडाला तिने बांधलेली गाठ तशीच होती, सोडलेलीसुद्धा नव्हती. मालाची ने-आण सोपी जावी म्हणून ती गाठ कशी मारायची, हे तिने बायकांना मोठ्या हौसेने शिकवलं होतं.

बुवा दारातूनच हळूहळू सांगू लागले. पहिल्या खेपेला ज्यांनी खत वापरलं त्यांची वांगी जळली, मिरची जळली. तरी कुणी बोललं नाही. पुढच्या खेपेपासून जो तो आपली गोणी देवदर्शनाच्या निमित्ताने इथे आणून टाकू लागला. उकिरड्यावर फेकली तर पोरीच्या नजरेला पडेल, म्हणून इथे. शंकर सुतार आणायचा, गिरजाकाकू आणायच्या. ज्याला त्याला वाटायचं, पुढच्या खेपेला जमेल हिला.

धनश्री ऐकत होती की नव्हती, देव जाणे. ती एका गोणीपाशी थांबली होती. त्या गोणीला सुतळी नव्हती. जुन्या लुगड्याचा काठ फाडून बांधला होता. अंजिरी काठ, बारीक रुईफुलाचा. असा काठ गावात एकाच घरात होता.

"आईसुद्धा?"



परसातली भेंडी तुझ्या खतावर बघ कशी आलीय, असं आई जेवताना म्हणायची. ताटात आग्रहाने वाढायची. धनश्रीने ती भेंडी प्रदर्शनात येणाऱ्याजाणाऱ्याला फोटो काढून दाखवली होती.

ती त्या गोणीला टेकून उभी राहिली. रडली नाही. रडण्यापलीकडचं काहीतरी झालं होतं तिचं.

"चुकलं आमचं," बुवा म्हणाले. "पोर परत आली होती. तिचं मन मोडायचं सगळ्यांच्याच जिवावर यायचं… गावाचं एक वेळ ठीक आहे. सांगायचं काम माझं होतं."

"गफूरभाईंची कलमं गेली, बुवा."

"गेली."

"ती आता येत नाहीत."

"नाही येत."

मग एकाएकी तिला राग आला. कुणाचा, ते तिला सांगता आलं नसतं. गावाचा, बुवांचा, आईचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. अगदी तळाशी दबलेली एक गोणी तिने दोन्ही हातांनी ओढून काढली. वरच्या गोण्या घसरल्या, धूळ उडाली. गाठ सोडवत बसायलाही तिला दम नव्हता, तिने गोणीचं तोंड दातांनी फाडलं. आपण लोकांना काय विकलं ते एकदा डोळ्यांनी बघून घ्यायचं होतं. तिने कोपरापर्यंत हात आत खुपसला.

आणि तशीच थांबली.

आत गार होतं.

तिने मूठ बाहेर काढली. काळंभोर, मोकळं, दाणेदार. ना शेणाचा वास, ना आंबूस वास. जुन्या झाडाखालची माती उकरावी, तसा वास. तिने दुसरी गोणी फोडली, तळातलीच. तीही तशीच. मधली एक पाहिली, ती अर्धीमुर्धी झालेली. सगळ्यांत वरची, परवापरवाची फोडली, तर तिला अजून ऊब होती आणि घाण मारत होती. हाच माल तिने गफूरभाईंना दिला होता.

ती पुन्हा तळाच्या गोणीशी आली आणि आल्यापासून पहिल्यांदाच खाली बसली. शेणामातीच्या जमिनीवर, फतकल घालून. ओंजळभर खत घेतलं आणि बुवांपुढे धरलं. इतका वेळ काळवंडलेला तिचा चेहरा लहानपणी पाटीवर अक्षर बरोबर आल्यावर व्हायचा तसा झाला होता.

"बुवा, हे चांगलं आहे ना?"

बुवांचं तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांवर आला होता, इतकी सवय जडलेली. त्यांनी तोंड मिटलं आणि मान दुसरीकडे वळवली.

धनश्रीला ते दिसलं. तिचा हात हळूहळू खाली आला.

बाहेर बायका टेकाड उतरत होत्या, त्यांच्या बोलण्याचा आवाज येत होता. उद्या खड्डा उपसायचा होता. म्हणजे गाव पुन्हा गोण्या न्यायला येणार, पुन्हा छान आहे म्हणणार.

"उद्या कुणाला येऊ देऊ नका," ती म्हणाली. "खड्डा मी उपसणार नाही."

"बुजवणार?"

"नाही. राहू दे तसाच."

तिने फाडलेल्या गोणीचं तोंड पदराच्या पिनेने कसंबसं आवळलं. म्हणाली, ही मी आत्ता खाली घेऊन जाते. गफूरभाई घेतील असं नाही. दारात उभं करतील असंही नाही. त्यांचं गेलेलं भरून निघत नाही, ते मला कळतंय. पण त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तरी त्यांना द्यायला हवं. ते ऐकून त्यांना जे म्हणायचं असेल, ते मी ऐकून घेईन.

गोणी उचलायला ती वाकली. तिला हात द्यायला बुवाही पुढे झाले, आणि निम्म्यातच थांबले. आपलेच हात त्यांनी पाठीमागे धरले.

पहिल्या खेपेला गोणी हातातून निसटली. दुसऱ्या खेपेला खांद्यावर आली. ती धापा टाकत दारापर्यंत गेली, आणि तिथे वळली.

"हे माझंच खत आहे ना, बुवा? त्याच खड्ड्यातलं, याच हातांनी केलेलं. तेव्हा रोपं जाळणारं. मग इथे पडून पडून असं कसं झालं?"

बुवा तिच्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"इथे त्याला छान म्हणायला कुणी येत नव्हतं, पोरी."