भिवरा सुतारीण आणि शिसवी सिंहासन

एका राज्यात पाखरे माणसांशी बोलत आणि त्याचे कुणाला नवल वाटत नसे. तिथल्या मेघवर्ण राजाच्या शिसवी सिंहासनाची पाठ एके दिवशी भर दरबारात मधोमध तडकली आणि त्याच क्षणी राजाची वाचा गेली. कालजिव्ह मांत्रिकाने ती भेग काळ्या रंगाने झाकली आणि राजाच्या नावाने स्वतःच हुकूम सोडू लागला. नदीचे घाट बंद झाले, देवळांच्या घंटा उतरल्या. सात वर्षांनी वाळवीने सिंहासनाचा एक पाय खाल्ला, तेव्हा ते जाळून टाकावे असे त्याने ठरवले.

भिवरा सुतारीण पुढे झाली. म्हणाली, "लाकूड आतून जिवंत आहे. मी ते दुरुस्त करीन."

मांत्रिकाने तीन अटी घातल्या. लोखंड न लावता रंग उतरवायचा, खिळा न ठोकता पाय जोडायचा आणि भेग कुणाला दिसणार नाही अशी बुजवायची. एक जरी अट चुकली, तरी तिचे दोन्ही हात तोडले जातील.

भिवराने चुना आणि सज्जीखार कालवून थापला. काळा रंग सालीसारखा सुटला. लाकडी खुंटी आणि सरस लावून तिने नवा पाय बसवला. मग सरस, खडूची भुकटी आणि लाकडाचा भुसा मळून ती भेगेपाशी आली, तोच खिडकीत एक सुतारपक्षी येऊन बसला.

"कालजिव्हाचा शाप त्या भेगेत आहे," तो म्हणाला. "ती लपलेली असेल तोवर राजाला वाचा नाही."

भिवराने आपल्या हातांकडे पाहिले. मग तिने लगदा भेगेत भरला, तो घासून सपाट करायचे सोडून त्याची उठावदार वेल काढली आणि वेलीला शेंदरी रंग दिला. दरबाराच्या शेवटच्या ओळीतूनही भेग कुठून कुठे गेली ते दिसत होते.

"तिसरी अट मोडलीस," कालजिव्ह म्हणाला.

"जाणूनबुजून मोडली. मी मोडलेले जोडते, लपवत नाही."

त्याने मारेकऱ्याला खूण केली. भिवराने हात मागे घेतले नाहीत. तेवढ्यात बाजूला चौरंगावर बसवलेला मेघवर्ण उठला, कुणाला न विचारता सिंहासनावर जाऊन बसला आणि सात वर्षांत पहिल्यांदा बोलला, "तिला सोडा."

कालजिव्हाची जीभ तिथल्या तिथे लाकडाची झाली. सांजेपर्यंत घाट उघडले, घंटा चढल्या. राजाने भिवराला काय हवे ते मागायला सांगितले.

"महाराज, रंग ओला आहे," ती म्हणाली. "चार दिवस पाठ टेकू नका."

राजा चार दिवस ताठ बसला.